फौजदार कुठे बसतो

३ नोव्हेंबर

प्रिय मीटरबाई,

हे नाव तुझ्या दादाने ठेवलंय, रागवायचं तर त्याच्यावर रागव. तो सध्या बोटीच्या इंजिनघरात आहे, मार्चपर्यंत तुझा राग तिथवर पोचायचा नाही. तू फोन कारखान्याच्या गेटवर जमा करतेस आणि तो परत मिळतो तेव्हा माझे हात कणकेत असतात. म्हणून हे पत्र.

आम्ही कुत्रा आणतोय. बीगल. विमानतळावर कस्टम्सच्या लोकांबरोबर प्रवाशांच्या बॅगा हुंगायचं काम करत होता. आता वय आठ, नोकरी संपली. अशा कुत्र्यांना ते घरं शोधून देतात. आधी महिनाभर ठेवून बघायचं, जमलं तर आपला. काळा-पांढरा-तपकिरी आहे, कान लोंबते, आणि चेहरा असा की आत्ताच कुणीतरी पुढ्यातलं ताट उचलून नेलंय.

मलाच हवाय. छकुली शाळेतून येते तेव्हा तिला सोबत होईल. तू सगळं मोजूनमापून बघतेस, तर सांग, हा कुत्रा पोराबाळांच्या घरात ठेवण्याजोगा असतो का?

बाबा मजेत आहेत.

तुझी वहिनी

९ नोव्हेंबर

वहिनींना नमस्कार.

विचारलंत म्हणून आधी बीगलबद्दल. वजन दहा ते बारा किलो, आयुष्य बारा ते पंधरा वर्षं. मुलांशी सहसा चांगला वागतो, चावरा नसतो. ही जात कळपाने सशांच्या मागावर धावण्यासाठी वाढवलेली आहे, त्यामुळे दोन गोष्टी होतात. एक, त्याला एकटं राहणं सोसत नाही. दुसरी, एकदा वास लागला की त्याचे कान बंद होतात. तुम्ही हाका मारत राहाल आणि तो जात राहील. पट्टा कधीही सोडू नका. तो भुंकण्यापेक्षा गळा काढतो, ते चार घरं पलीकडे ऐकू जातं. खाण्याला त्याच्याकडे अंत नाही, डबे वरच्या फळीवर हलवा. रोज तासभर चालवावं लागेल. हे जमत असेल तर कुत्रा चांगला आहे.

आता मला न कळलेलं. खिडकीत मांजर आलं तरी तुम्ही खुर्चीवर चढता. तुम्हालाच कुत्रा का हवा? बाबांनी मला लहानपणी ससासुद्धा आणू दिला नव्हता. 'घरात जनावर नको' हे त्यांचं वाक्य आहे. मग कुत्रा आत येणार असेल, तर बाहेर कुणी जावं अशी अपेक्षा आहे?

एप्रिलमध्ये दुधाचं पातेलं करपून काळं झालं. वास शेजारच्या काकूंच्या घरात गेला आणि बाबा हॉलमध्ये पेपर वाचत बसले होते. त्यांचा डोळा लागला होता, असं तुम्ही म्हणालात. पेपर वाचताना. मी तेव्हाच सांगितलं होतं की असं पुन्हा काही झालं तर बाबा माझ्याकडे येतील. दोन खोल्यांच्या क्वार्टरसाठी मी अर्ज केला आहे. ही धमकी नाही, माहिती आहे.

नणंद

१८ नोव्हेंबर

प्रिय मीटर,

पत्र पाठवलंस की पंचनामा? वाचताना मी दोनदा पदर सावरला.

बाहेर कुणीच जाणार नाही. आणि माणसं बदलतात गं. मीही बदलले, खुर्चीवरून उतरून.

कुत्रा आला. त्याची हँडलर बाई, म्हणजे इतकी वर्षं त्याला कामावर नेणारी, सोडायला आली होती. जाताना डोळे पुसत होती आणि पुसता पुसता नियम सांगत होती. बॅगेत फळ, बियाणं, मांस असं काही सापडलं की हा भुंकत नाही. गपकन खाली बसतो आणि सरळ तुमच्याकडे बघतो. खरंच काही सापडलं तरच बिस्किट द्यायचं. 'फुकट दिलंत तर फुकट बसायला शिकेल,' म्हणाली. तासाभरातच काकू बाजारातून थेट आमच्याकडे आल्या, आणि हा त्यांच्या पिशवीसमोर बसला तो हलेचना. काकू म्हणाल्या, "अगंबाई, सफरचंदं आहेत! पावती दाखवू का ह्याला?" तेव्हापासून बाबा त्याला फौजदार म्हणतात.

तुझं एकेक वाक्य खरं निघालं. पहिल्या दिवशी अर्धा साबण खाल्ला. दुसऱ्या दिवशी कसला तरी वास धरून छकुलीला फरफटत नाक्यापर्यंत नेलं. शेजारचे आजोबा स्कूटर सुरू करतात तेव्हा हा असा गळा काढतो की आजोबा आता स्कूटर ढकलत कोपऱ्यापर्यंत नेतात आणि तिथे सुरू करतात. पण छकुलीच्या पायावर डोकं ठेवून झोपतो, आणि तिचा पाढा चुकला तरी ऐकून घेतो.

सकाळी साडेनऊला मी दातांच्या दवाखान्यात कामाला निघते, दीडला परत. तोवर घरात बाबा आणि फौजदार. एकाच खात्यातून निवृत्त झालेले दोघं, त्यांचं बरं जमलंय. बाबा हल्ली एवढ्या थंडीतही स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी ठेवतात. का, तर म्हणे कुत्र्याचा वास.

एक गंमत सांगायची राहिली. मी गॅस पेटवायला लायटर टकटकवला की फौजदार असेल तिथून येतो, ओट्याखाली फरशीला नाक लावतो आणि बसतो. मग मान वर करून माझ्याकडे बघतो. ओट्यावर खायचं काही नसलं तरी. त्याला लायटरचा आवाज आवडत असावा.

तुझी वहिनी

२४ नोव्हेंबर

वहिनींना नमस्कार.

मला ती गंमत वाटत नाही.

गॅस शोधणारी यंत्रं बरोबर दाखवतात की नाही हे तपासणं माझं काम आहे, हे तुम्हाला माहीत आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली फरशीवर पसरतो. खाण्याच्या मागे असलेला कुत्रा नाक वर ओट्याकडे करेल. तुमचा कुत्रा फरशीला लावतो. बटण फिरवल्यापासून ठिणगी पडेपर्यंत जो थोडा गॅस सुटतो, त्यावर तो बसत असावा. खात्री करून घ्या. लायटर बेडरूममध्ये नेऊन टकटकवा. तिथे तो आला नाही, तर आवाजाचा संबंध नाही.

कस्टम्सच्या कुत्र्याला गॅस शिकवत नाहीत. म्हणजे हे तो तुमच्या घरात शिकला. पाइप आधी तपासून घ्या, पण नुसता पाइप गळत असता तर कुत्र्याने वास घेऊन सोडून दिला असता. गळका पाइप बिस्किट देत नाही. कुणीतरी माणूस देतं आहे.

सोबत एक छोटं यंत्र पाठवते. ओट्याखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पिठाच्या डब्यामागे ठेवा. ते वाजणार नाही, फक्त दर मिनिटाला हवेतल्या गॅसची नोंद करेल. सात दिवसांनी परत पाठवा. घरात कुणालाही सांगू नका. बाबांनाही नाही.

तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवता आहात. काय ते अजून मला कळलेलं नाही.

नणंद

४ डिसेंबर

मीटर,

यंत्र परत पाठवतेय. माझ्याच स्वयंपाकघरात चोरासारखी वाकून ठेवलं आणि चोरासारखी वाकून काढलं. छकुलीने विचारलं, "आई, काय शोधतेस?" म्हटलं, झुरळ.

लायटर बेडरूममध्ये टकटकवला, कुणी आलं नाही. ओट्यापाशी बटण फिरवलं, लगेच येऊन बसला. पाइप नवा बसवून घेतला. दुकानातल्या माणसाने जुन्याला साबणाचं पाणी लावून बघितलं, एकही बुडबुडा आला नाही.

तू सरळ विचारत नाहीस, म्हणून मीच विचारते. तुला वाटतं का, की म्हातारा माणूस घरातून निघावा म्हणून मी काही करतेय? तुझं नऊ तारखेचं पत्र मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा तेच लिहिलेलं होतं.

गॅसबद्दल मला काहीही माहीत नाही. मी तुला सांगितलेली नाही ती गोष्ट वेगळी आहे. सांगितलेली नाही, हे खरं. ज्यांची आहे त्यांना शब्द दिलाय. आणि हेही खरं की मला तुझी भीती वाटते. तुझ्या हातात कागद पडला की तू त्यातून काहीतरी सिद्ध करतेस, आणि दर वेळी ते असं असतं की बाबांना मला सांभाळता येत नाही.

वहिनी

८ डिसेंबर

वहिनींना नमस्कार.

काल गेटवरून फोन केला तो एवढंच सांगायला, की घरातून निघताना सिलिंडर बंद करा आणि रेग्युलेटर काढून पर्समध्ये ठेवा. कारण सांगितलं नाही, मागे रांग होती.

नोंद अशी आहे. रविवार सोडून रोज सकाळी दहा वीस ते दहा तीसच्या दरम्यान फरशीलगत गॅस वाढतो. एखादं मिनिट, मग उतरतो. तेवढ्याने धोका नाही. पण गुरुवारी तो अकरा मिनिटं वाढत गेला आणि ठिणगीने पेट घ्यावा अशा पातळीच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत पोचला. मग एकदम उतरला, म्हणजे कुणीतरी बंद केला.

रविवारी तुम्ही घरी असता, तेव्हा काही होत नाही. बाकी दिवशी त्या वेळी तुम्ही दवाखान्यात आणि छकुली शाळेत. घरात एकच माणूस असतं.

तुमच्याबद्दल माझ्या मनात जे होतं ते चुकीचं होतं. त्यावर नंतर लिहीन.

एक वयस्कर माणूस रोज, घरात कुणी नसताना, गॅस थोडा उघडतो आणि बंद करतो. आणि एक दिवस अकरा मिनिटं बंद करत नाही. ह्याचा मला एकच अर्थ दिसतो. तो मला लिहिता येत नाही. आईला जाऊन ह्याच महिन्यात चार वर्षं होतात.

मी रजा टाकली आहे. सोळा तारखेला येते आणि बाबांना घेऊन जाते. तोवर त्यांना एकटं ठेवू नका, आणि हे पत्र त्यांना दाखवू नका.

नणंद

११ डिसेंबर

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सूनबाईने मला दाखवलं. तू दाखवू नको म्हणाली होतीस, म्हणून तिने ते टेबलावर उघडं ठेवलं आणि ती पाणी आणायला गेली. पाणी आणायला तिला अर्धा तास लागला.

तू जो अर्थ लिहिला नाहीस तो मी वाचला. छत्तीस वर्षं कस्टम्समध्ये काढली आहेत, न लिहिलेलं वाचण्याचाच पगार होता. तसं काही नाही, पोरी. मला मरायचं असतं तर कुत्रा कशाला आणला असता?

आता माझी झडती घे. फेब्रुवारीत ताप आला होता, त्यात माझं नाक गेलं. सर्दी नाही, नाकच गेलं. अत्तर नाही, घाम नाही, करपलेलं दूध नाही. डॉक्टर म्हणाले, येईल तर येईल. बंद पेटीत काय आहे ते पेटी न उघडता सांगणारा माणूस मी. लोक मला नाकासाठी ओळखत. सूनबाईला मी बजावलं, मीटरला कळता कामा नये. ती मला उचलून नेईल आणि टेबलावर ठेवून तपासेल. एप्रिलमध्ये माझा डोळा लागल्याचं ती तुझ्याशी खोटं बोलली, ते माझ्या सांगण्यावरून. त्या दुधाच्या दिवशी मला कळलं की गॅस सुटला तरी मला समजणार नाही, आणि दुपारी छकुली घरात असते.

म्हणून फौजदार. माझ्याच जुन्या खात्यात मी अर्ज केला. सूनबाई जनावराला घाबरते, तरी 'मलाच हवाय' असं तुला लिहिते म्हणाली. तो ज्या दिवशी आला त्या दिवशी ती खुर्चीवर होती. दुसऱ्या दिवशी उतरली.

त्याला गॅस मी शिकवला. पद्धत तीच, खात्यातली. बटण क्षणभर उघडायचं, बंद करायचं, तो हुंगून बसला की बिस्किट. खिडकी उघडी ठेवायची. आठ दिवसांत तयार झाला, तरी सराव म्हणून रोज एकदा करत राहिलो. हे सूनबाईला माहीत नव्हतं, तिने करू दिलं नसतं.

त्या गुरुवारी बटण उघडलं आणि दाराची घंटा वाजली. कुरियरवाला होता, सही मागत होता, चष्मा सापडेना. परत आलो तर फौजदार ओट्यापाशी बसलेला. मला वाटलं, मी बटण बंद करूनच दार उघडायला गेलो होतो आणि हा लबाडी करतोय. म्हटलं, "चोरा, एका कामाची दोन बिस्किटं?" तो हलला नाही. मी त्याला दटावलं. बोट दाखवून बाहेर जा म्हटलं. सहा वर्षांच्या नोकरीत तो कधी बसण्याच्या जागेवर भुंकला नसेल, त्याला तसं शिकवलेलंच नाही. त्याने गळा काढला. तेव्हा मी बटणाकडे बघितलं.

माझ्यासमोर उभा राहून खरं बोलणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवला नाही, असं नोकरीत किती वेळा झालं असेल, ते त्या दुपारी खुर्चीत बसून मोजत होतो. मोजदाद लागेना.

चूक माझी आहे. सोळाला तू आलीस तर मी तुझ्याबरोबर येईन, वाद घालणार नाही. पण मला विचारशील तर, मला इथे राहायचं आहे.

तुझे बाबा

१५ डिसेंबर

वहिनींना नमस्कार.

हे तुम्हाला लिहिते आहे, बाबांना वाचून दाखवा. ह्या वेळी टेबलावर ठेवायची गरज नाही.

रजा रद्द केली. क्वार्टरचा अर्ज मागे घेतला. बाबांना राहायचं आहे तिथे त्यांनी राहावं. हे ठरवणं मी माझं काम समजत होते, तसं ते नव्हतं.

सोबत दोन वस्तू आहेत. पहिली भिंतीवर लावायची गॅसची घंटी. ती फरशीपासून वीतभर उंचीवर लावा, वर लावली तर उपयोग नाही. दुसरी छोटी बाटली. गॅसला मुद्दाम जो वास लावलेला असतो तेवढाच तिच्यात कापसावर आहे, गॅस नाही. कुत्र्याचा सराव ह्यापुढे हिच्यावर करायचा. बटण उघडायचं नाही, क्षणभरही नाही. बाटली बाबांनी लपवायची नाही. लपवणाऱ्याची नजर लपवल्या जागी जाते आणि कुत्रा नाकाऐवजी ती नजर वाचतो. घंटी असली तरी फौजदार असू द्या. आमच्याकडेही एका यंत्रावर कुणी अवलंबून राहत नाही.

बाबांचं नाक गेलं हे मला दहा महिने कळलं नाही. जगभराची नाकं तपासून देते मी. तुम्हाला मी दर पत्रात प्रश्न विचारले. त्यांतला एकही 'तुम्ही कशा आहात' असा नव्हता, हे पत्रांच्या नकला काढून बघितल्यावर दिसलं. होय, मी नकला ठेवते.

तुम्हाला माझी भीती वाटते, हे वाक्य मला खोडता आलं नाही.

जानेवारीत आठ दिवस रजा मिळू शकते. येऊ का?

नणंद

२२ डिसेंबर

प्रिय मीटर,

तुझं माफीपत्र पोचलं. माफी हा शब्द त्यात नाही, पण मी आता फौजदाराच्या घरात राहते, हुंगून काढला.

मीही कबूल करते. बाबा 'कुत्र्याचा वास' म्हणाले तेव्हाच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. ज्याला करपलेलं दूध कळत नाही त्याला कुत्र्याचा वास कुठून येतोय? माझ्यासमोर खोटं उभं होतं आणि मी खिडकी बंद करायचं विसरू नका असं सांगून दवाखान्यात गेले. तुझ्यापासून लपवण्यात एवढी गुंतले होते की माझ्यापासून काय लपवलंय ते बघायचं राहिलं.

हँडलर बाई महिन्याची भेट घ्यायला आली होती. तिने विचारलं, बीगल घराला मानवला का? मी म्हटलं, साबण खातो, बोंब मारतो, पट्टा सुटला तर पुढच्या गावात सापडेल, आणि घरात कुणाला खोटं बोलू देत नाही. तिने कागदावर लिहिलं, 'मानवला.'

घंटी लावली, वीतभर उंचीवर, छकुलीच्या वितेने. तुझ्या वितेपेक्षा लहान आहे, चालेल ना?

रविवारी पहिला सराव झाला. बाटली छकुलीने लपवली, आम्हा दोघांना हॉलमध्ये डोळे मिटून बसवून. फौजदार स्वयंपाकघरात गेला, ओटा हुंगला, बाहेर आला. पलंगाखाली गेला, बाहेर आला. मी म्हटलं, ह्याला काही कळलेलं नाही. तेवढ्यात तो दाराशी चपलांच्या कपाटासमोर बसला आणि बाबांकडे बघायला लागला. आता तिथे गॅसचा काय संबंध? छकुलीकडे बघितलं तर तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलेलं, त्यावरून काही कळेना.

बाबा उठले. मी म्हटलं, "बाबा, आधी बघा तरी, आहे का तिथे."

"बघतो ना," म्हणाले.

ये. जानेवारीत, आठ दिवस, आणि प्रश्न घेऊनच ये, त्याशिवाय तू आलीस असं वाटणार नाही. पुढचं तू असतीस तर नियमात बसत नाही म्हणाली असतीस, म्हणून आधीच सांगून ठेवते. बाबांनी खिशातून बिस्किट काढून आधी फौजदाराला दिलं. मग गुडघ्यावर हात टेकून ते खाली बसले आणि एकेक चप्पल उचलून बघायला लागले.

तुझी वहिनी